पाणी न घातलेला निवडुंग

“डावीकडे घे,” रावजी म्हणाला. त्याच्या जुन्या दोस्ताने, अलीमियाँने, पिकअप डावीकडे घेतली. तासाभरात तिसऱ्यांदा. मागे पाण्याचे दोन कॅन धडाधड आपटत होते.

दोघांच्या मध्ये ऋत्विक अंग चोरून बसला होता. रावजीचा हा धाकटा. आठ महिन्यांपूर्वी इथे आखातात येऊन मआमीरच्या एका वर्कशॉपात लागला आणि आता म्हणत होता, मीही तुमच्याबरोबर परत येतो. रावजीचा व्हिसा कॅन्सल झाला होता. रविवारी तो कायमचा कोकणात, लांज्याला निघणार होता. ऋत्विकने राजीनामा मोबाइलमध्ये लिहून ठेवला होता, नुसता पाठवायचा बाकी. “तुम्ही गेल्यावर इथे माझं कोण आहे?” एवढंच त्याचं म्हणणं.

त्यावर रावजीकडे एकच उतारा होता. निवडुंग. चोवीस वर्षांपूर्वी सखीरच्या या वाळवंटात त्यांच्या कंपनीच्या कामगारांचा कॅम्प होता. तेव्हा त्याने आईने बांधून दिलेलं फड्या निवडुंगाचं एक पान खोलीच्या दाराशी रोवलं होतं, नव्या जागेला दृष्ट लागू नये म्हणून. वर्षभरात कॅम्प शहरात, माहूजला हलला, निवडुंग तिथेच राहिला. गावाहून नवा पोरगा आला की रावजी त्याला समोर बसवून सांगायचाच, “निवडुंग तो, त्याला वाळवंटात कोण पाणी घालतंय? माणसानं तसं राहावं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नये!” ऐकून ऐकून पोरांचे कान किटले होते. खुद्द रावजी मात्र एकदाही बघायला आला नव्हता. शुक्रवारचा, सुट्टीच्या दिवसाचा ओव्हरटाइम सोडेल तो रावजी कसला!

“जिवंत दिसला तर राहशील?” काल त्याने ऋत्विकला विचारलं होतं.

“दिसला तर बघू.”

आता तो दिसत नव्हता. थंडीत हौसेने वाळवंटात राहायला येणाऱ्यांचे तंबू नुकतेच उठले होते. मागे राहिलेल्या खुंट्या दिसल्या, खुरटी झुडपं दिसली, निवडुंग औषधालाही नाही.

“बाबा, मी वाचलंय,” ऋत्विक हळूच म्हणाला, “इथल्या वाळवंटात निवडुंग आपोआप जगतच नाही.”

रावजीचं तोंड उतरलं. अलीमियाँने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता गाडी उजवीकडे वळवली.

तेलाच्या पाइपांपलीकडे तो उभा होता. पुरुषभर उंच, वर पिवळी फुलं. रावजी गाडी थांबायच्या आत उतरला. “बघ! बघ लेका! चोवीस वर्षं! थेंब नाही पाण्याचा!”

ऋत्विक जवळ गेला. मग म्हणाला, “त्याला जमलं असेल, बाबा. मला नाही जमणार.” त्याचा हात मोबाइल काढायला खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. निवडुंगाच्या बुडाशी दगडांचं आळं होतं. आळ्यातली वाळू ओली होती.

“अल्या,” रावजी वळून म्हणाला, “हे काय रे?”

अलीमियाँ एक कॅन घेऊन लंगडत येत होता. “पहिल्याच उन्हाळ्यात वाळून चामडं झालं होतं त्याचं. तेव्हापासून शुक्रवारी नमाजच्या आधी एक चक्कर मारतो. या वेळी मध्येच, कालही येऊन गेलो. म्हटलं, जायच्या आधी तू बघायला यायचास.”

“पण निवडुंगाला पाणी कशाला?”

“वा रे कोकण्या! लांज्यात चार महिने आभाळ पाणी घालतं त्याला. ते तू कधी हिशेबात धरलंसच नाही.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर पोरांना तू काय सांगितलं असतंस?”

रावजीने ओल्या वाळूत बोट खुपसलं. पहिल्या वर्षीची कावीळ त्याला आठवली. महिनाभर अलीच्या बायकोने, सुरैयाने डबा भरून पेज पाठवली होती. आणि तो जगभर सांगत सुटला होता, मी माझा मी उठलो! त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भरून आलं. त्याने अलीमियाँचा हात दोन्ही हातांत धरला. “फार केलंस रे माझ्यासाठी. आणि मी मेल्याने एकदा आभारसुद्धा मानले नाहीत.”

“बस, खलास! आभार राहू देत. माझा गुडघा बघ. आता कॅन उचलवत नाही मला.”

ऋत्विक गाडीकडे गेला आणि दुसरा कॅन घेऊन आला. आळ्यात सावकाश ओतला. सगळं पाणी जिरेपर्यंत थांबला. मग शर्टाला हात पुसत त्याने विचारलं, “अलीचाचा, पुढच्या शुक्रवारी किती वाजता निघायचं?”