पावती कुणाच्या नंबरवर

पहिली लाथ सुताराच्या बरगडीत बसली तेव्हा काउंटरवरची ताई पुढच्या गिऱ्हाईकाचे खिळे मोजत होती. दुकानाच्या काचेतून तिला सगळं दिसलं. दुसरी लाथ थेट तोंडावर बसली. सुतार दाराबाहेरच्या पायरीवर कोसळला, तरी नव्या ड्रिल मशीनचा खोका त्याने छातीशी घट्ट धरून ठेवला होता. तो खोकाच त्याच्या मुळावर आला होता.

"पावती दाखव!" गेटवरचा वॉचमन ओरडत होता. "पैसे न देताच निघालास होय?"

"ताईंनी मोबाईलवर पाठवलीय."

"मग काढ मोबाईल!"

सुताराने खिशातून काढला तो बटणांचा जुना फोन. भोवती जमलेल्या घोळक्यातून हशा उठला. कुणीतरी तो फोन हिसकावून भिंतीवर आपटला. सुताराच्या बोलण्याचा हेल सीमेपलीकडचा होता, तो एव्हाना सगळ्यांच्या कानात भरला होता. त्यापुढे पावतीचं कुणाला पडलंय?

खरं तर दहाच मिनिटांपूर्वी तो काउंटरवर कागदाची पावती मागत होता, तीही अगदी गयावया करून. "कागद बंद झालाय, दादा," ताईने त्याला सुनावलं होतं. "झाडं वाचवायचीत." महिन्याच्या एक तारखेपासून नियमच तसा होता. मागे रांगेत उभा असलेला फरशीवाला म्हणाला होता, "आधी सीमा नीट बंद करा म्हणावं. ही गर्दी थांबली की झाडं आपोआप वाचतील." रांग हसली. ताईही हसली. तिचं मत काही वेगळं नव्हतं. ह्या लोकांना गाडीत घालून परत सोडून यावं, असं ती घरी जेवताना भाजी वाढता वाढता सांगायची.

पण नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढे सरकत नव्हतं आणि साध्या फोनवर पावती उघडत नव्हती. रांग वाढत चालली होती. मग तिने अशा वेळी सगळ्याच काउंटरवाल्या करतात तेच केलं. स्वतःचा नंबर टाकला. रांगही सुटते आणि खरेदीचे पॉइंट आपल्या खात्यात पडतात. तिला कुकर घ्यायला थोडेच पॉइंट कमी होते.

म्हणजे सुताराची पावती ह्या क्षणी तिच्या एप्रनच्या खिशात होती.

ती जागची हलली नाही. स्वतःचा नंबर टाकताना सापडलेल्या शेजारच्या काउंटरवालीला मॅनेजरने गेल्याच आठवड्यात अर्ध्या तासात घरी पाठवलं होतं. ताईच्या घरात कमावणारी ती एकटी. नवऱ्याची कंबर गेलेली, दोन मुली शाळेत. दोन-चार थपडा मारून सोडतील, असं तिने मनाला समजावलं. खिळे तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. तिला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षाही स्वतःची लाज जास्त वाटत होती.

बाहेर फरशीवाल्याने दाराशी विकायला ठेवलेल्या ढिगातून एक लोखंडी पाइप उपसला. पहिला फटका खांद्यावर पडला. दुसरा चुकवायला सुताराने उजवा हात पुढे केला. हाड मोडल्याचा आवाज काचेतूनही आत आला. रांगेत सुताराच्या मागेच उभ्या असलेल्या, त्याने पैसे दिल्याचं पाहिलेल्या एक बाई मोबाईल उंच धरून शूटिंग करत होत्या.

खिळे काउंटरवर सांडले. ताई धावत बाहेर गेली.

"थांबा! त्याने पैसे दिलेत! ही बघा पावती!"

फरशीवाल्याने तिच्या हातून मोबाईल ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. ड्रिल मशीन, एक नग. आजची तारीख, दहा मिनिटांपूर्वीची वेळ. घोळका दोन पावलं मागे सरला. मिटलं एकदाचं, असं ताईला वाटलं.

मग फरशीवाल्याने मान वर केली. "याची पावती तुझ्या मोबाईलवर कशी गं?"

"त्यांचा फोन साधा आहे, म्हणून मी माझा नंबर..."

"म्हणजे आतून माल तू काढून द्यायचास आणि बाहेर यानं न्यायचा!"

"ही पण त्यांच्यातलीच," मागून कुणीतरी ओरडलं. "हिचे कागद बघा आधी!"

ताईचा जन्म इथून दोन गल्ल्यांपलीकडचा. वॉचमनसोबत तिने नऊ वर्षं रोजचा चहा घेतला होता. "काका, सांगा ना यांना," ती म्हणाली. काकांनी नजर चुकवली आणि ते गेट लावायला निघून गेले. तेवढ्यात कुणीतरी तिचे केस मुठीत धरले. थोबाडीत बसली तशी ती गुडघ्यांवर आपटली, तोंडात रक्ताची चव आली. आपल्या मुली आता शाळेतून निघाल्या असतील, एवढंच तिच्या मनात आलं. फरशीवाला पाइप सावरत तिच्याकडे सरकला.

"सोडा तिला."

सुतार मोडका हात पोटाशी धरून उठून बसला होता. त्याने खोका पायाने दूर लोटला आणि तोंडातलं रक्त थुंकलं.

"मशीन चोरलंय मी," तो म्हणाला. "ती पावती तिच्या स्वतःच्या खरेदीची, माझी नाही. मी मार खाताना तिला बघवलं नाही, म्हणून बोलतेय ती."

ताईच्या केसांतली मूठ सुटली.