पिवळे स्टिकर

स्टिकर काढायचे नाहीत, हे धाकटीने कधीच ठरवून टाकलं होतं. ते भिजू नयेत म्हणून तिने ताटल्या धुतल्याही नाहीत, ओल्या फडक्याने अलगद पुसून घेतल्या. ताटल्या, कप, वाढायचं खोलगट भांडं, साखरदाणी. सगळं आईचं आणि सगळ्यांच्या काठावर कोपऱ्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानाचा पिवळा स्टिकर. त्या दुकानात पिवळा म्हणजे कुणी ढुंकूनही न पाहिलेला माल, अर्ध्या किमतीत.

बेल वाजली. दादा आणि वहिनी जेवायला आले होते.

आई गेली तेव्हा धाकटीने एकच कप मागितला होता. "सेट मोडायला नको गं," वहिनी म्हणाल्या होत्या. "आईंच्या वस्तू आहेत, एकत्रच राहू देत. आम्ही जिवापाड जपू." दादा तेव्हा खिडकीबाहेर बघत बसला होता. बायको बोलायला लागली की खिडकीबाहेर बघायचं, ही त्याची जुनी सवय.

कुणाला सिनेमाचं वेड असतं, धाकटीला जुन्या बाजाराचं. एका शनिवारी त्या दुकानाच्या फळीवर तिला निळ्या पानांचा कप दिसला. तिने तो उलटा केला. बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. आईची भांडी शेजारीपाजारी फिरायची, म्हणून ती प्रत्येकाच्या बुडाला असा ठिपका द्यायची. वहिनींनी सासूच्या घरी कधी भांडी विसळली असती, तर त्यांनाही हे ठाऊक असतं.

मग धाकटीने एकही शनिवार चुकवला नाही. हळूहळू आईचं अख्खं फडताळ तिच्याकडे आलं. मधूनमधून ती फोनवर मुद्दाम विचारायची, आईच्या वस्तू कशा आहेत? "जशाच्या तशा," वहिनी सांगायच्या. धाकटी फोन ठेवून दातओठ खायची आणि पुढच्या शनिवारची वाट बघायची.

आज तिने भरभरून वाढलं. वहिनींनी दोन घास खाल्ले आणि त्यांचं लक्ष ताटलीच्या काठाकडे गेलं.

"अगं, स्टिकर राहिलाय," त्या हसून म्हणाल्या आणि नखाने तो खरवडू लागल्या.

"राहू द्या, वहिनी. किंमत कळलेली बरी."

नख थांबलं. वहिनींनी ताटलीची नक्षी पाहिली, मग कपाची, मग साखरदाणीची. "आमच्याकडेही असाच सेट आहे," त्या म्हणाल्या. "असे काय, पायलीचे पन्नास मिळतात."

धाकटीने रिकामा कप उचलला, उलटा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. लाल ठिपका वर आला. "आणि हे? हेही पायलीचे पन्नास?"

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. या क्षणासाठी धाकटी किती दिवस थांबली होती. काय काय बोलायचं ते सगळं तिने घोकून ठेवलं होतं. "जिवापाड जपणार होतात ना?" तिने सुरुवात केली. "इतकं जपलंत, की..."

"तिला बोलू नकोस," दादा म्हणाला. "खोकी मी नेली."

तो ताटलीकडे बघत होता. आज खिडकीकडे नाही.

"बायकोला पाठीशी घालू नकोस, दादा."

"घालत नाहीये. तिने सगळं माळ्यावर नीट ठेवलं होतं. मीच एकेक खोकं गाडीत घालून त्या दुकानात नेऊन दिलं. हिला नंतर कळलं. तुला सांगू नकोस, असं मीच बजावलं होतं." त्याने समोरचा कप बाजूला सरकवला. "शेवटी शेवटी याच कपाने आईला पाणी पाजायचो. घोटभर जायचं, बाकी गळ्यावरून खाली. मला तो नजरेसमोर नको झाला होता."

"मग मला द्यायचास. मी मागितला होता."

"तुझ्याकडे आलो की पुन्हा समोर आला असता."

धाकटीचा राग उतरला नाही. तो नुसता वहिनींच्या खुर्चीवरून उठला आणि दादाच्या खुर्चीवर जाऊन बसला. "म्हणजे कुणाही परक्याने घेतला असता तर चाललं असतं," ती म्हणाली. "बहिणीकडे नको."

घोकून ठेवलेलं सगळं वहिनींसाठी होतं, दादासाठी तिच्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं. तिने त्याच्या ताटलीत आणखी भात वाढला. त्याने तो मुकाट्याने संपवला आणि खालची निळी पानं दिसू लागली तेव्हा डोळे मिटून घेतले. धाकटीने ते पाहिलं. तिला त्याची दया आली नाही.

निघताना तिने उरलेलं जेवण एका डब्यात भरलं. आईचाच डबा, झाकणावर पिवळा स्टिकर. तो तिने दादाच्या हातात दिला. घ्यावा की नाही, त्याला कळेना. तिने त्याची बोटं डब्याभोवती नीट दाबून बसवली, लहान मुलाच्या हातात पेला देतात तशी.

"डबा परत देऊ हं," वहिनी सवयीने म्हणून गेल्या.

"परत द्यायला येऊ नकोस, दादा," धाकटी म्हणाली. "दुकान तुला माहीत आहे. मी शनिवारी तिथून घेईन."