ढगाखालचा आंबा

चौथ्या दिवशीही ऊन पडलं नाही. राजोडीच्या वाडीत, आंब्यासमोर ट्रायपॉड लावून कल्पेश सकाळपासून आभाळाकडे बघत होता. कॅमेऱ्यात इन्फ्रारेड फिल्मचा शेवटचा रोल होता. या फिल्मवर उन्हातली हिरवी पानं बर्फासारखी पांढरी उमटतात. ढगाळ हवेत मात्र सगळंच राखाडी येतं.

हे त्याला फर्डिनंड अंकलनीच शिकवलं होतं, त्यांच्याकडेच तो फोटोग्राफी शिकला होता. त्यांच्या स्टुडिओत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा आयुष्यभराचे फोटो आणि निगेटिव्ह गेल्या. आता ते इथेच, वाडीतल्या घरात अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी फार तर आठवडा म्हटलं होतं. "तो आंबा एकदा पांढरा बघायचाय रे," एवढंच त्यांनी कल्पेशकडे मागितलं होतं.

आज त्यांनी पेजही घेतली नाही. मग मात्र कल्पेश थांबला नाही. ढगाखालीच, एक्स्पोजर वाढवत वाढवत त्याने सगळा रोल संपवला.

मनवेलपाड्याला घरी येऊन, बाथरूममध्ये अंधार करून त्याने रोल धुतला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम मळकट निघाल्या. तो बराच वेळ ओल्या फरशीवर बसून राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने माळ्यावरचा डबा काढला. शिकाऊ असताना सरावासाठी अंकलनी दिलेल्या काही रद्दी निगेटिव्ह त्यात होत्या. एकेक तो दिव्यासमोर धरत गेला. सातवी त्याच आंब्याची होती, इन्फ्रारेड फिल्मवर भर उन्हात काढलेली. घाईघाईने त्याने तिचीच प्रिंट काढली.

सकाळी प्रिंट हातात देताना त्याने अंकलच्या नजरेला नजर दिली नाही.

"ऊन कुठं होतं? कसं जमवलंस?"

"मध्येच थोडं पडलं, अंकल."

अंकलचं बोट पांढऱ्या पानांवरून खाली उतरलं आणि बुंध्यापाशी थांबलं. कल्पेशने वाकून पाहिलं. बुंध्याला टेकून एक तरुण बाई उभी होती. चेहरा दुधासारखा उजळलेला. जॉयस आंटी, अंकलची बायको. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

कल्पेश अंथरुणाशी खाली बसला. "अंकल, चुकलो मी. हा जुना..."

अंकलनी मान हलवून त्याला थांबवलं.

"आंबा तर मला या खिडकीतनं रोज दिसतो रे," ते म्हणाले. "हीच दिसत नव्हती."