मुक्या सिनेमाची भैरवी

"शेवटचं रीळ नाही," तंबूचे मालक नानासाहेब पेटीपाशी वाकून कुजबुजले. "सकाळी मशीनवाल्याच्या विडीनं जळालं. हे संपलं की मास्तर, भैरवी घ्या."

रंगरावमास्तरांचे हात पेटीवर चालूच होते. पडद्यावर राणी मेलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. सिनेमा मुका, त्यामुळे तिचं रडणं मास्तरांनाच वाजवावं लागायचं.

"पोर मेलेलं ठेवून भैरवी?"

"मग काय, उठून सांगू सगळ्यांना? लोक तंबू फाडतील."

सकाळपासून माहीत असूनही नानासाहेबांनी तिकिटं विकली होती. बोलपट येऊन वीसेक वर्षं उलटली होती, पण बोलपटाचं भाडं द्यायला त्यांचा हात धजत नसे. म्हणून चाकणच्या बाजाराला ते हा जुना देवादिकांचा सिनेमा लावत. बोलपटांनी मास्तरांची पेटी बंद पाडली होती. नानासाहेबांच्या चिक्कूपणानं ती पुन्हा उघडली. म्हणजे मास्तरांवर उपकारच म्हणायचे. उपकार करणाऱ्याला नाही म्हणायला पोटात काहीतरी असावं लागतं, आणि मास्तरांच्या पोटात दुपारपासून नुसता चहा होता.

राणीनं आभाळाकडे तोंड केलं आणि पडदा पांढरा झाला. मास्तरांनी भैरवी घेतली.

युक्ती लागू पडली. कीर्तन असो की तमाशा, भैरवी झाली की उठायचं, हे इकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. बायकांनी पडद्याला हात जोडले, गड्यांनी धोतरं झटकली. "लई रडवलं राव," असं म्हणत माणसं बाहेर पडू लागली. काहींना चुकल्यासारखं वाटलंही असेल, पण भैरवी झाल्यावर बसून कोण राहणार? मास्तरांनी ती वाजवलीही सुरेख. लाज वाटावी इतकी सुरेख.

पुढं, पडद्याजवळ, एक बाई मात्र बसूनच होती. महाळुंग्याची रतनबाई.

"चला बाई, खेळ संपला," नानासाहेब म्हणाले.

"आसा कसा संपला? पोर उठायचंय की अजून."

"कोण म्हणतं?"

"आमच्या सारजानं मागल्या बाजाराला बघितला. द्येव येतो, पोराच्या डोस्क्याव हात ठिवतो, आन् पोर उठून आईच्या गळ्यात पडतं. तेवढंच बघाया चालत आले मी."

नानासाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. भैरवी तुम्ही वाजवलीत, आता हेही तुम्हीच निस्तरा, असा त्यांचा चेहरा.

मास्तर पेटी मिटून तिच्यापाशी आले. खरं सांगून टाकायचं म्हणूनच ते उठले होते. पण नानासाहेब कान देऊन उभे होते, आणि मास्तरांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"उठलं बाई. उठलं पोर. तुम्ही पदरानं डोळे पुसत होता ना, तेवढ्यात उठलं. आईच्या गळ्यात पडलं आणि हसलं."

नानासाहेबांनी समाधानानं मान हलवली आणि ते कनात सोडवायला निघून गेले.

रतनबाई पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिली. वाद घालेल, पैसे मागेल, शिव्या देईल, असं मास्तरांना वाटलं होतं. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. सुटलो बुवा, असं म्हणून मास्तरांनी श्वास सोडला.

"व्हय," ती म्हणाली. "पुसत व्हते खरी डोळं."

मग पदर सावरत उठली.

"माझं गेलं तवाबी आसंच झालं. तापानं फणफणलं व्हतं. तीन राती मांडीव घिऊन जागले, आन् पहाटंला जरा डोळा लागला. उघडून बघती तर गार पडल्यालं. जाताना माझ्याकडं बघितलं का, हाक मारली का, काय बी ठावं न्हाई."

आता मास्तरांनी खरं सांगायला हवं होतं, आणि आता ते सांगायची सोय राहिली नव्हती.

रतनबाईनं पडद्याला हात जोडले.

"पोराच्या येळंला माझंच ध्यान नसतं, मास्तर."