मागच्या अंगणातला हंगाम

लेकीच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं. लिहायला बसले होते, नाही असं नाही. पण जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासलेल्या या माणसाच्या हातून स्वतःचं एक वाक्य धड सुटत नसे. ओळ लिहायची, खोडायची, कागद चुरगळायचा.

फोनवर त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून लेक पत्रच पाठवी. हे पत्र अगदी सरळ होतं. 'बाबा, आईमागे तुम्हाला एकट्याला झेपत नाही. घर बंद करा आणि माझ्याकडे या. नसेल यायचं, तर आईच्या कुंड्यांतून एक हंगाम काढून दाखवा. ताटात घरचे टोमॅटो आणि लेट्यूस आलं, की मी पुन्हा हा विषय काढणार नाही.'

लेकीकडे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कुणी चहा देतंय का याची वाट बघायची, ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. हे घर होतं, पुस्तकं होती, स्वयंपाकघरामागचं फरशीचं अंगण होतं. तेवढंच तर उरलं होतं.

त्यांनी पुस्तकं काढली आणि कामाला लागले. 'भरपूर ऊन' असं वाचून लेट्यूसच्या कुंड्या भिंतीलगत मांडल्या. भिंत तापली, तशी रोपं सरसर वर गेली आणि पानं कडूजहर झाली.

शेजारच्या सिस्टर हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. त्यांनी भिंतीवरून हात लांबवून एक पान चघळलं आणि थुंकलं.

"भाऊ, हे पेशंटला दिलं असतं तर पेशंट उठून पळाला असता."

"उन्हानं झालं असेल."

"उन्हाला कशाला बोल लावता? भाजायला तुम्हीच ठेवलंत ना!"

त्यांनी नवं बी सावलीत पेरलं. टोमॅटोनं मात्र त्यांना रडकुंडीला आणलं. झाडं हिरवीगार, कमरेएवढी, आणि फळाचा पत्ता नाही. पानांच्या बेचक्यातले जादा फुटवे खुडावेत, असं पुस्तकात होतं. ते चष्मा नाकावर ओढून, नखं कापायची कात्री घेऊन रोज बसत. जास्तीचं दिसलं की उडवायचं, ही तर हाताची जुनी सवय.

एका सकाळी खुडलेला कचरा टाकताना त्यांनी सहज भिंग धरलं. लवदार, बारीक कळ्या. एकीतून पिवळं डोकावत होतं. ते फुटवे नव्हते. इतके दिवस ते फुलंच छाटत आले होते.

ते तसेच फरशीवर बसले. घर गेलंच, असं त्यांना वाटलं. बायकोच्या फोटोकडे बघायची त्या दिवशी छाती झाली नाही.

कात्री त्यांनी कपाटात ठेवून दिली. नव्या कळ्या आल्या. कोंडलेल्या अंगणात ना वारा, ना माशी. मग पराग पडून फळ धरावं म्हणून ते फुलांचा एकेक घोस बोटानं हलवत, झोपलेल्या पोराला उठवावं तसा. उन्हाचा कहर झाला त्या दुपारी ते चादर ताणून कुंड्यांपुढे उभे राहिले.

"मांडव झालात की काय?" सिस्टर ओरडल्या. "पडाल आणि मला पुन्हा ड्यूटीला लावाल!"

"पडलो तर झाडांना आधी पाणी घाला."

"हे घर सोडायला लागलं तर मराल का हो?"

त्यांनी दंडानं कपाळावरचा घाम पुसला. चादर मात्र खाली केली नाही.

पुढे सिस्टर बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या. बहीण भाऊंच्या लेकीच्याच गावात राहायची. त्या परत आल्या तोवर झाडं लालेलाल झाली होती आणि सावलीतलं लेट्यूस कोवळं, कुरकुरीत आलं होतं. पहिला टोमॅटो भाऊंनी मीठ लावून उभ्याउभ्याच खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. "जमलं," ते मोठ्यानं म्हणाले. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी पुन्हा म्हणाले.

लेकीला कळवायला कागद पुढ्यात घेऊन बसले होते, तेवढ्यात सिस्टर आत आल्या. एरवीसारख्या हसल्या नाहीत.

"तुमच्या लेकीला भेटून आले. वाळलीय हो पोरगी."

"आणि जावई?"

"ते कधीच सोडून गेले. बेकरी ती एकटी ओढतेय. पहाटे भट्टी पेटवायची, म्हणून नातीलाही उठवून नेते. पोर पिठाच्या पोत्यांवर झोपलेली बघून आले मी."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मला का नाही कळवलं तिनं?"

"तेच विचारलं मी. तर म्हणाली, बाबांना कळलं तर माझी कीव येऊन येतील आणि इथं बसून घरासाठी झुरतील. तिथं भागत नाही असं त्यांचं त्यांनाच वाटलं, तरच यावं त्यांनी. शपथ घातलीय मला. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

"नाही," ते म्हणाले. "आणि मला तसंही कमीच ऐकू येतं."

ते अंगणात गेले. एकूणएक टोमॅटो तोडला, लेट्यूस मुळापाशी कापलं आणि सगळं सिस्टरच्या पिशवीत भरलं.

"अहो, लेकीला चार तरी पाठवा!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग टेबलाशी बसून एका दमात पत्र लिहिलं. एकही शब्द खोडला नाही, पुन्हा वाचूनही पाहिलं नाही. कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि ते पेटीत टाकलं.

'टोमॅटोचं एकही फळ धरलं नाही, लेट्यूस कडू झालं. तू म्हणालीस तेच खरं, मला एकट्याला झेपत नाही. लवकर येऊन मला घेऊन जा.'