कुठली बंदूक कोरू?
महायुद्ध पेटलं तेव्हा इराणातल्या आमच्या बख्तियारी टोळीच्या खानांनी ठरवलं, आपल्या थोरल्या मुलाने, फरामर्जने, इंग्रजांच्या तेलविहिरी राखायच्या आणि धाकट्या बीझनने जर्मनांना जाऊन मिळायचं. कुणीही जिंकलं तरी कुरणं आपल्याच घराण्याकडे राहतील, हा त्यांचा विचार. खिंडीत दोन्ही बाजूंच्या चकमकीत बीझन पडला. आमच्यात शूराच्या कबरीवर दगडी सिंह बसवतात; बीझनचा सिंह घडवायला पाथरवट तंबूपुढे आला आणि बीझनच्या आईला म्हणाला, "बीबी, सिंहाच्या कुशीवर बंदूक कोरायची ना? कुठली कोरू, इंग्रजी की जर्मन?" बीबीने फरामर्जकडे पाहिलं. "खिंडीत तूही होतास ना रे?" "होतो, आई." "गोळी झाडलीस?" "सगळेच झाडत होते. धुरात समोर कोण आहे, काही दिसत नव्हतं." खानांनी चहाचा पेला खाली ठेवला. "फरामर्ज, जर्मनांकडे आता आपलं कुणी उरलं नाही. उद्या तू तिकडे जा. तेलविहिरींवर तुझ्या काकाला पाठवतो." "बाबा, परवा मी त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या!" "घराण्यासाठी झाडल्यास. आता घराण्यासाठीच जा." बीबी उठली. तिने फरामर्जच्या घोड्यावरचं खोगीर उतरवलं आणि खानांच्या घोड्यावर चढवून पट्टा आवळला. "या खेपेला तुम्ही जा," ती म्हणाली, "कुणाकडे, ते तुमचं तुम्ही ठरवा." खान उठले. लगाम हातात घेऊन कितीतरी वेळ ते तिथेच उभे होते. घोड्याचं तोंड कुठे वळवावं, त्यांना कळेना.