कोण गेलं, पावणं?

महाद्वार रोडवर मागनं कुणी उगाच हॉर्न बडवला, की आण्णा सायकलवरनं उतरायचे, टोपी काढायचे आणि गाडीत डोकावून गंभीरपणे विचारायचे, "कोण गेलं, पावणं?" एवढी घाई माणसाला फक्त मातीला जाताना असते, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या संध्याकाळी पांढऱ्या मारुतीतल्या गॉगलवाल्यानं वाट मिळावी म्हणून बेधडक थाप ठोकली. "मामा गेला माझा, गंगावेशीतला! सरका की आता!"

टेपवर ढिंगच्याक गाणं चालू होतं, ते आण्णांनी ऐकलं.

"अरारा!" म्हणत त्यांनी टोपी खिशात घातली आणि सायकल हातात धरून मारुतीच्या म्होरं पावलापावलानं चालू लागले. "मयताला पळत जायचं नसतंय, पावणं. या माझ्या मागनं."

बघता बघता रिक्षावाल्यांनी हॉर्न बंद केले, दुकानदारांनी हात जोडले आणि पाच-पन्नास माणसं माना खाली घालून सोबत निघाली. गॉगलवाल्यानं गुपचूप टेप बंद केला. आता खोटं बोललो म्हणायची सोय उरली नव्हती.

गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध पीत उभा असलेला एक धिप्पाड म्हातारा ती गर्दी बघून चपापला. मारुती ओळखीची दिसताच हातातला पेला तसाच टाकून धावत आला आणि काचेत डोकं घालून रडवेल्या आवाजात म्हणाला,



"भाच्या, आपल्यातलं कोण गेलं रं?"